विश्लेषण : संख्याशास्त्राच्या ‘एमएस्सी’ला प्रवेश मिळेल का? शक्यता मोजायची कशी?

फेब्रुवारीत ‘जॅम’, मार्चच्या सुमारास ‘सीयूईटी-पीजी’, मे महिन्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा आणि पावसाळ्याच्या तोंडावर विद्यापीठांच्या गुणवत्ता याद्या. संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे सहा महिने या वेळापत्रकात जातात. ‘माझा सीजीपीए इतका आहे, मला प्रवेश मिळेल का?’ हा प्रश्न या काळात प्रत्येकाच्या मनात असतो. शक्यता मोजणे हाच ज्यांचा अभ्यासविषय, ते विद्यार्थीही या प्रश्नाचे उत्तर बहुधा मित्रांच्या सांगण्यावरून किंवा क्लासच्या जाहिरातीवरून काढतात. मीरा-भाईंदरमधील विद्यार्थ्याने ही शक्यता कशी मोजावी, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

‘जॅम २०२६’ या परीक्षेचे आयोजन आयआयटी मुंबईकडे असून परीक्षेची तारीख १५ फेब्रुवारी २०२६ आहे. त्याच वेळी राज्यातील पदवी अभ्यासक्रमाची रचना बदलते आहे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२६ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांची २०२७ मध्ये तिसरे वर्ष पूर्ण करेल. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावे की चौथे ‘ऑनर्स’ वर्ष करावे, हा निर्णय त्यांना घ्यावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचा असू शकतो. दोन्ही मार्गांनी लागणारी वर्षे सारखीच, पाच. मात्र पसंतीच्या संस्थेत तिसऱ्या वर्षानंतरच प्रवेश मिळण्याची शक्यता किती, यावर चौथ्या वर्षाचा निर्णय अवलंबून राहतो. शक्यतेचा अंदाज चुकला तर एक वर्ष आणि घरच्यांचे पैसे, दोन्ही पणाला लागतात.

प्रवेशाचे मार्ग किती?

ढोबळमानाने चार. पहिला मार्ग ‘जॅम’चा. या परीक्षेच्या ‘गणितीय संख्याशास्त्र’ या प्रश्नपत्रिकेतून आयआयटी मुंबई आणि आयआयटी कानपूर येथील संख्याशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. सर्व विषय मिळून आयआयटींमध्ये जॅममधून भरल्या जाणाऱ्या जागा सुमारे ३,००० आहेत. एनआयटी आणि अन्य काही केंद्रीय संस्थांतील जागा ‘सीसीएमएन’ या वेगळ्या समुपदेशन प्रक्रियेतून भरल्या जातात. या ३,००० जागांत रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित असे सगळे विषय येतात. संख्याशास्त्राचा वाटा त्यात लहान आहे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग भारतीय सांख्यिकी संस्थेच्या ‘एमस्टॅट’चा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेली ही संस्था १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. लेखी परीक्षेत बहुपर्यायी आणि सविस्तर उत्तरांचे असे दोन भाग असतात आणि त्यानंतर मुलाखत होते. संस्थेतूनच ‘बीस्टॅट’ ऑनर्स झालेल्यांना थेट वाट असते, त्यामुळे बाहेरच्यांसाठी उरणाऱ्या जागा वेगळ्या मोजाव्या लागतात.

तिसरा मार्ग ‘सीयूईटी-पीजी’चा. राष्ट्रीय परीक्षा संस्था २०२२ पासून घेत असलेल्या या परीक्षेतून दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ आणि अनेक केंद्रीय विद्यापीठांत प्रवेश होतात.

चौथा मार्ग राज्यातील विद्यापीठांचा. मुंबई विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग कलिना संकुलात आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे. कोल्हापूरचे व्ही. एस. हुजुरबाजार यांनी १९५० च्या दशकात त्याचा पाया घातला. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव येथील विद्यापीठांतही हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. याशिवाय विलेपार्ल्यातील एनएमआयएमएस हे अभिमत विद्यापीठ, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र) आणि चेन्नईची चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (डेटा सायन्स) हे जवळचे पर्याय आहेत.

एकूण जागांपैकी ‘आपल्या’ जागा किती?

बहुतेक अंदाज इथेच चुकतात. समजा, एखाद्या केंद्रीय संस्थेच्या अभ्यासक्रमाला ४० जागा आहेत. अनुसूचित जाती १५ टक्के म्हणजे ६, अनुसूचित जमाती साडेसात टक्के म्हणजे ३, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर) २७ टक्के म्हणजे साधारण ११ आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक १० टक्के म्हणजे ४ जागा. या २४ जागा वजा केल्यावर खुल्या १६ उरतात. त्या सर्वांसाठी खुल्या असतात आणि गुणवत्तेवर आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थीही तेथे येतात. अपंगांसाठीचे ५ टक्के आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाते. म्हणजे खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याने ‘४० जागा आहेत’ असे म्हणणे आणि ‘१६ जागा आहेत’ असे म्हणणे, यात अडीच पटींचा फरक पडतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा कळीचा आहे. राज्याने २०२४ मध्ये कायदा करून मराठा समाजाला ‘एसईबीसी’ म्हणून दिलेले १० टक्के आरक्षण राज्याच्या अखत्यारीतील शिक्षण आणि नोकऱ्यांपुरते आहे. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले आहे. आयआयटी किंवा भारतीय सांख्यिकी संस्था या केंद्रीय संस्थांत हा प्रवर्ग नाही. तेथे केंद्राची ओबीसी यादी चालते. त्या यादीत कुणबी आहेत, मराठा नाहीत. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याची कलिन्यातील शक्यता एका प्रवर्गातून आणि पवईतील शक्यता दुसऱ्या प्रवर्गातून मोजावी लागते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठीही उत्पन्नाची ८ लाख रुपयांची मर्यादा ही एकच अट नाही. कुटुंबाच्या नावे १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका असल्यास केंद्राच्या निकषांनुसार तो दाखला मिळत नाही. नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या विहित नमुन्यात आणि त्या-त्या परीक्षेने मागितलेल्या कालावधीतील असावे लागतात. दाखला वेळेत नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात जाण्याचा धोका असतो आणि आधी केलेले सगळे गणित बदलते.

गेल्या वर्षीचा ‘कटऑफ’ किती विश्वासार्ह?

उपयोगी, पण जपून वापरण्याजोगा. जॅममध्ये ‘पात्र’ ठरणे आणि ‘प्रवेश’ मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता गुण मिळाले म्हणजे अखिल भारतीय क्रमांक मिळतो, जागा नव्हे. जागेसाठी पाहायचा तो शेवटच्या फेरीतील, आपल्या प्रवर्गाचा, त्याच अभ्यासक्रमाचा अखेरचा क्रमांक. पहिल्या फेरीचा अखेरचा क्रमांक पाहून अनेक जण निराश होतात. प्रत्यक्षात वरचे विद्यार्थी अन्य संस्थांत गेले की पुढच्या फेऱ्यांत क्रमांक खाली सरकत जातो.

दुसरी अडचण लहान संख्येची. ज्या प्रवर्गात चार-पाचच जागा आहेत, तेथे दोन विद्यार्थ्यांनी निर्णय बदलला तरी अखेरचा क्रमांक बराच हलतो. समजा, एखाद्या अभ्यासक्रमाचे सलग तीन वर्षांचे अखेरचे क्रमांक ११०, १६० आणि १२५ असे आहेत. यंदा १३० वा क्रमांक मिळालेल्या विद्यार्थ्याला गेल्या वर्षीचा १२५ पाहून ‘पाचाने हुकणार’ असे वाटेल. तीनही वर्षे एकत्र पाहिली तर चित्र वेगळे दिसते. १३० हा क्रमांक सीमेवरचा आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. १०० च्या आत असेल तर शक्यता चांगली, १६० च्या पलीकडे असेल तर कमी. एका वर्षाच्या आकड्यावर ठाम निष्कर्ष काढू नये, हे पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रातही शिकवले जाते.

कटऑफ गुणांत पाहायचा की क्रमांकात, हाही प्रश्न असतो. प्रश्नपत्रिका दरवर्षी सारखी अवघड नसते. त्यामुळे वर्षावर्षांची तुलना करताना गुणांपेक्षा क्रमांक अधिक भरवशाचा. क्रमांक जाहीर नसतील तेथेच गुणांचा आधार घ्यावा.

स्वतःची पातळी कशी ओळखावी?

सीजीपीए हा पात्रतेसाठी लागतो. प्रवेश परीक्षेतील कामगिरी त्यावरून फारशी कळत नाही. विद्यापीठाची सत्र परीक्षा आणि जॅम यांत मोठा फरक आहे. जॅमच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. ३० प्रश्न एक बरोबर पर्याय असलेले, १० प्रश्न एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय असू शकणारे आणि २० प्रश्न पर्यायांविना थेट संख्या लिहिण्याचे. गणितीय संख्याशास्त्रात साधारण ३० टक्के भर गणितावर आणि ७० टक्के संख्याशास्त्रावर असतो. सत्र परीक्षेसाठी सिद्धता पाठ करून उत्तम श्रेणी मिळवलेल्या विद्यार्थ्याला संख्या लिहिण्याच्या प्रश्नांत अडखळायला होते.

त्यामुळे अंदाज काढायचा तो जुन्या प्रश्नपत्रिकांवरून. त्या पूर्वी न पाहिलेल्या असाव्यात आणि पूर्ण वेळ लावून, एका बैठकीत सोडवलेल्या असाव्यात. समजा, पाच प्रश्नपत्रिकांत ३८, ४४, ४१, ५२ आणि ४० गुण मिळाले. सरासरी ४३ आणि मधली किंमत ४१. बहुतेक जण मात्र ५२ हीच आपली ‘खरी’ पातळी धरतात आणि बाकीच्या चार वेळा ‘लक्ष नव्हते’ असे म्हणतात. परीक्षेच्या दिवशी ३८ ते ५२ यांपैकी काहीही येऊ शकते. नियोजन चाळिशीच्या आसपासच्या गुणांवर करावे आणि ५२ हा आनंदाचा धक्का मानावा. सगळ्यात मोठा बोध असतो तो प्रत्येक प्रश्नपत्रिकेत सातत्याने गुण कुठे गेले याचा. पाचही वेळा एकाच घटकात गुण जात असतील, तर दोन महिन्यांत सुधारता येईल अशी ती जागा आहे.

अंदाजाने उत्तरे द्यावीत का?

याचे उत्तर गुणपद्धतीवर अवलंबून आहे आणि ते कागदावर काढता येते. जॅममध्ये एका गुणाच्या एकपर्यायी प्रश्नाला चुकल्यास एक तृतीयांश गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे झाकून निवड केली तर एक चतुर्थांश वेळा १ गुण मिळेल आणि तीन चतुर्थांश वेळा एक तृतीयांश जाईल. सरासरी लाभ शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांतून निवडताना सरासरी लाभ एक नवमांश गुण होतो. म्हणजे थोडे ज्ञान असेल तर उत्तर द्यावे. एकापेक्षा अधिक बरोबर पर्यायांच्या आणि संख्या लिहिण्याच्या प्रश्नांना जॅममध्ये उणे गुण नाहीत. ते कोरे सोडण्यात काहीच अर्थ नाही.

सीयूईटी-पीजीमध्ये ७५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुण आणि चुकल्यास १ गुण वजा. तेथे डोळे झाकून दिलेल्या उत्तराचाही सरासरी लाभ पाव गुण येतो. अर्थात हे गणित सर्वांनाच करता येते, त्यामुळे त्यातून फार मोठी आघाडी मिळत नाही. ते न करणारा मात्र मागे पडतो.

यशकथा दिशाभूल का करतात?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी काम करणारे संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड यांनी परत आलेल्या लढाऊ विमानांवरील गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. खुणा जिथे जास्त तिथे चिलखत लावावे, असे सहज वाटते. वॉल्ड यांच्या विश्लेषणात परत न आलेल्या विमानांचाही विचार होता. ज्या भागावर खुणा दिसत नाहीत, तेथे मार बसलेली विमाने परतलीच नव्हती, त्यामुळे संरक्षण तेथे हवे. याच वॉल्ड यांचा १९५० मध्ये भारत दौऱ्यात निलगिरी परिसरातील विमान अपघातात मृत्यू झाला.

मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकाबाहेरच्या क्लासच्या फलकांवर दिसतात ती ‘परतलेली विमाने’. ‘७.२ सीजीपीए असूनही आयआयटी’ असे कोणी सांगितले, तर ते खरे असू शकते. तितकाच सीजीपीए असलेल्या किती जणांनी परीक्षा दिली आणि त्यांतील किती जण राहिले, हे फलकावर नसते. शक्यता म्हणजे यशस्वी भागिले एकूण. छेदातील आकडा माहीत नसेल, तर अंशातील आकड्यावरून काही ठरत नाही. समाजमाध्यमांवरील गटांतही हेच घडते. प्रवेश मिळालेले लिहितात, न मिळालेले बहुधा गप्प राहतात. त्यामुळे क्लासला किंवा वरिष्ठ विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न ‘किती जणांची निवड झाली?’ एवढाच नसावा. ‘किती जण परीक्षेला बसले होते?’ हेही विचारावे.

‘प्रवेश दर’ फसवा कसा ठरतो?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पदव्युत्तर प्रवेशांचेच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत १९७३ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ८,४४२ पुरुष आणि ४,३२१ महिलांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि महिलांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना प्रवेश मिळाला. वरवर पाहता हा महिलांवरील अन्याय दिसतो. पीटर बिकेल आणि सहकाऱ्यांनी विभागवार आकडे तपासले, तेव्हा तो कल जवळपास नाहीसा झाला. उलट महिलांच्या बाजूने किंचित झुकाव दिसला. हा अभ्यास १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महिलांनी ज्या विभागांत प्रवेश मिळणे सर्वांनाच अवघड होते, तेथे अधिक प्रमाणात अर्ज केले होते. संख्याशास्त्रात याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. विद्यापीठाचा एकूण प्रवेश दर पाहून काहीच कळत नाही. संख्याशास्त्र विभागाचा दर हवा, आणि त्यातही एमएस व पीएचडी यांचे दर वेगळे हवेत. अमेरिकेत पीएचडीला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असते, त्यामुळे जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. एमएसचा खर्च बहुतेकदा विद्यार्थ्यानेच करायचा असतो, त्यामुळे तेथे प्रवेश तुलनेने सोपा. म्हणजे ‘अमेरिकेत प्रवेश मिळाला’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या घटना असू शकतात.

तेथील निवडीत परीक्षेचा एक क्रमांक नसतो. गणिताचा पाया, विशेषतः रिअल अ‍ॅनालिसिस आणि रेषीय बीजगणितातील श्रेणी, सहसा तीन शिफारसपत्रे आणि संशोधनाचा अनुभव यांना महत्त्व असते. अनेक विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीची अट घालतात. तीन वर्षांच्या बीएस्सीवर अर्ज करण्यापूर्वी त्या विभागाचा नियम वाचावा. नव्या धोरणातील चौथ्या वर्षाचा खरा उपयोग येथे होऊ शकतो. एका अर्जाचे शुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलर असते, त्यामुळे दहा अर्ज म्हणजे मध्यमवर्गीय घरासाठी लहान रक्कम नाही. शिक्षणानंतरच्या नोकरीचे गणितही बदलले आहे. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील पदवीनंतर एकूण तीन वर्षे कामाची मुभा देणारी ‘ओपीटी’ची तरतूद आहे. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. अमेरिकेतच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले, तरी धोरणातील अनिश्चितता कर्ज काढण्यापूर्वी हिशेबात धरावी लागेल.

पाच ठिकाणी अर्ज केल्यास शक्यता वाढते का?

वाढते, पण वाटते तितकी नाही. समजा, पाच संस्थांपैकी प्रत्येकीत प्रवेशाची शक्यता २० टक्के आहे. पाचही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर पाचही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. म्हणजेच किमान एका ठिकाणी प्रवेशाची शक्यता ६७ टक्के.

प्रत्यक्षात हे निर्णय स्वतंत्र नसतात. जॅमचा एकच क्रमांक सर्व आयआयटींना लागू होतो. परीक्षेच्या दिवशी ताप आला, तर पवई आणि कानपूर दोन्ही एकाच वेळी हातचे जातात. पाच आयआयटींचे पसंतीक्रम भरणे म्हणजे पाच वेगळ्या संधी घेणे नव्हे. जॅम, सीयूईटी-पीजी, भारतीय सांख्यिकी संस्था आणि राज्यातील विद्यापीठ यांचे निकष, दिवस आणि प्रश्नांची धाटणी वेगवेगळी असल्याने त्यांतील स्वातंत्र्य अधिक. तेथेही तयारी कच्ची असेल तर सगळीकडेच फटका बसतो, त्यामुळे खरा आकडा ६७ च्या खालीच धरावा. जॅममध्ये दोन विषयांची परीक्षा देता येते आणि गणित व गणितीय संख्याशास्त्र यांची सत्रे वेगळी असतात. दोन्हींची तयारी असलेल्यांसाठी ही खरोखर वेगळी संधी ठरते.

मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्याने यादी कशी करावी?

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. तरीही पदव्युत्तर संख्याशास्त्रासाठी येथील विद्यार्थ्याला लोकलच पकडावी लागते. घरी राहून कलिना किंवा विलेपार्ले गाठता येते. पवई आणि देवनारसाठी गाडी-बस बदलत रोजचे तीन-चार तास जाऊ शकतात, त्यामुळे वसतिगृह मिळते का, हे पाहावे लागते. पुणे, कानपूर, कोलकाता म्हणजे घर सोडणे आले. शुल्क, राहण्याचा खर्च आणि विद्यावेतन हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहिल्याशिवाय तुलना होत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेत एमस्टॅटच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. त्यामुळे ‘दूर म्हणजे महाग’ हे समीकरण प्रत्येक वेळी खरे ठरत नाही.

यादीचे तीन गट करता येतात. पहिला, जुन्या प्रश्नपत्रिकांतील सर्वोत्तम कामगिरी झाली तरच प्रवेश मिळेल अशा संस्था. दुसरा, सरासरी कामगिरीवर मिळू शकेल अशा. तिसरा, सर्वांत वाईट कामगिरीतही मिळेल अशा. पहिल्या गटात दोन, दुसऱ्यात दोन-तीन आणि तिसऱ्यात किमान एक असावी. तिसऱ्या गटातील संस्था जेथे खरोखर शिकायला आवडेल अशीच असावी. अन्यथा तो पर्याय नावापुरताच राहतो. आर्थिक ताण असलेल्या घरात पालकांशी या तिसऱ्या गटाबद्दल आधीच बोलून ठेवलेले बरे.

प्रक्रियेचे नियमही शक्यतेचाच भाग आहेत. जॅमच्या प्रवेश प्रक्रियेत जागा मिळाल्यावर ती स्वीकारून थांबणे, स्वीकारून वरच्या पसंतीची वाट पाहणे किंवा नाकारून बाहेर पडणे असे पर्याय असतात. मुदतीत काहीच न केल्यास जागा जाते. पसंतीक्रम ‘मिळण्याच्या शक्यते’नुसार लावू नये, खऱ्या आवडीनुसार लावावा. वरच्या पसंतीची जागा न मिळाल्याने खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. आधी मिळालेल्या विद्यापीठात शुल्क भरून ठेवताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शुल्क परतावा धोरणातील त्या वर्षीची मुदत पाहावी.

प्रवेश मिळालाच नाही तर?

जॅमचे गुण एकाच वर्षासाठी ग्राह्य असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वर्ष थांबावे का, याचे उत्तरही जुन्या प्रश्नपत्रिकांतून मिळते. गुण सहा महिने वाढत होते आणि वेळ कमी पडला, तर थांबण्यात अर्थ आहे. गुण त्याच पट्ट्यात अडकले असतील, तर केवळ आणखी एक वर्ष मिळाल्याने ते वाढतील असे मानायला आधार नाही. अशा वेळी राज्यातील विद्यापीठात प्रवेश घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एमएस्सीशिवायचे मार्गही बंद नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोग घेत असलेल्या भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षेसाठी संख्याशास्त्र विषयासह पदवी पुरेशी असते आणि वयाची अट सर्वसाधारण गटात २१ ते ३० वर्षे आहे. विमा क्षेत्रातील अ‍ॅक्चुअरी होण्यासाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया’च्या परीक्षा नोकरी करतानाही देता येतात.

शक्यता मोजल्याने ती वाढत नाही. मात्र कोणत्या परीक्षेवर किती वेळ आणि किती पैसा लावायचा, कोणता दाखला आधी काढायचा आणि कोणता पर्याय हातचा सोडायचा नाही, हे त्यातून ठरते. निकालाचा दिवस आपल्या हातात नसतो. त्याआधीची यादी आणि तिच्यातला हातचा पर्याय मात्र नक्कीच असतो.